चौथं बटण

गुंडूराव माने कॉफी नेहमी बाय-टू सांगत. एका कॉफीचे दोन अर्धे पेले. एक स्वतःसमोर, दुसरा टेबलाच्या पलीकडच्या कडेला. तिथे कोणी बसलेलं असो वा नसो.

माउसखाली घडी घातलेला रुमाल असे. दर सोमवारी तो बदले.

फाइल सेव्ह केली की पुन्हा एकदा सेव्ह करत. मग पडद्यावरची नावं बोटाने मोजत. ओठ हलत, मोजणी कन्नडमध्ये. हिशेब कन्नडमध्ये आणि शिव्या मराठीत, असं त्यांचं म्हणणं. शिव्या सिद्धीने कधी ऐकल्या नाहीत.

ड्रॉवरला कुलूप लावून तीनदा ओढून पाहत.

फोन पहिल्या रिंगला उचलत. 'हॅलो'च्या आधी 'सरी', कन्नडमधलं 'बरं', म्हणत, म्हणजे समोरच्याने काय सांगायचं ते आधीच कबूल.

आणि सकाळी सातला एक म्हातारी खिडकीपाशी येऊन उभी राही, तेव्हा काही न बोलता मॉनिटर तिच्याकडे वळवत. ती पाही. मान हलवी. मग जाऊन बाकावर बसे. तिची पाळी अकराची असे.

हे सगळं सिद्धीने पहिल्या आठवड्यात पाहून ठेवलं. शेवटच्या सवयीमागचं कारण कळायला तिला महिना लागला.

सिद्धी नागपूरची. मराठी घेऊन एम.ए. झालेली. कोरमंगलाच्या एका कंपनीत जाहिरातींची वाक्यं लिहायला ती बेंगळुरूला आली, आणि आठ महिन्यांत कंपनीने वाक्यं लिहिणारा सगळा विभागच बंद केला. घरी तिने सांगितलं नाही. मल्लेश्वरममध्ये एका ट्रस्टचं डायलिसिस केंद्र होतं, तिथे पुढच्या टेबलावर माणूस हवा होता. ती जाऊन बसली. शेजारच्या टेबलावर गुंडूराव.

"नागपूरची काय," ते म्हणाले. "तुझं मराठी पुस्तकातलं. माझं मार्केटातलं. स्वल्प स्वल्प जमेल की."

"तुमचे लोक इथे कधी आले, काका?"

"काका नको. अण्णा म्हण. कधी आले कोण जाणे. घोड्यावर बसून आले म्हणतात. मी येलहंक्याहून बसने येतो, उभ्याने."

एकसष्ट वय. आधी ते घड्याळांच्या कारखान्यात होते. कामगारांच्या पाळ्या लावायचं काम. कारखाना बंद पडला तेव्हा हातात पाळ्या लावण्याखेरीज दुसरी कला नव्हती. केंद्राला तीच हवी होती. आठ मशीन, दिवसाला तीन पाळ्या : सकाळी सहा, अकरा आणि चार. प्रत्येक रुग्णाला आठवड्यातून दोनदा यावंच लागे. चार तास मशीनला जोडून रक्त धुऊन घ्यायचं आणि घरी जायचं. कोण कधी, कुठल्या मशीनवर, हे सारं एका एक्सेलच्या फाइलमध्ये होतं. ती फाइल गुंडूरावांनी केलेली. कारखान्यात फळा होता, खडू होता. एक्सेल ते पन्नाशीनंतर शिकले, चुकत चुकत.

पूर्वी ती फाइल कोणीही बदलू शके. एकदा सिस्टर भव्याला जमनाबाई नावाच्या रुग्णाची पाळी एक दिवस पुढे न्यायची होती. नातीचं बारसं होतं. भव्याने जमनाबाईंचं नाव माउसने उचललं आणि गुरुवारच्या रकान्यात नेऊन सोडलं. एक रकाना चुकला. पडद्यावर चौकट आली : इथे आधीच काही आहे, ते बदलायचं का? भव्याच्या दुसऱ्या हातात रक्तदाबाचं यंत्र होतं. तिने 'हो' दाबलं.

तिथे आधी भागुबाई होती.

भागुबाई दोड्डबळ्ळापूरच्या बाजूची. पहाटे निघून दोन बस बदलून आली. यादीत नाव नव्हतं. नवा तंत्रज्ञ म्हणाला, नाव नाही, मशीन सगळी भरलीत, पुढच्या वेळी या. भांडायचं असतं हे तिला माहीत नव्हतं. दुपारपर्यंत बाकावर बसून ती परत गेली. तिसऱ्या दिवशी छातीत पाणी भरलं. अकरा दिवस ती मोठ्या इस्पितळात होती.

जगली. परत आल्यापासून पाळी कितीचीही असो, ती सातलाच येते. तिला वाचता येत नाही. आपल्या नावाचं वळण तेवढं ओळखते. ते पडद्यावर डोळ्यांनी पाहिल्याखेरीज ती बसत नाही.

हे सिद्धीला भव्याने सांगितलं, हिंदीत, सुया मोजता मोजता. शेवटी म्हणाली, "अण्णा मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं."

सिद्धीने गुंडूरावांना विचारलं, तुम्हाला राग नाही आला?

"तिच्यावर कशाला. मशीनने विचारलं तर माणूस हो म्हणतोच. तो प्रश्न यायलाच नको होता. तो मी येऊ दिला."

भागुबाई इस्पितळातून परत आल्यावर त्यांनी कुलपं लावायला घेतली होती.

आधी रकाने बंद केले, म्हणजे टाइप करता येईना. मग माउसने उचलणं बंद. मग राइट क्लिक, म्हणजे ती छोटी यादी उघडेना. मग वरची सगळी बटणांची पट्टी काढून टाकली. कॉपी, कट, पेस्टच्या किल्ल्याही मुक्या केल्या. आठवड्याच्या मूळ यादीचं पान तर इतकं आत लपवलं की लपवलेल्या पानांच्या यादीतही ते दिसत नसे. संध्याकाळी केंद्र बंद होण्याआधीचा अर्धा तास ते यासाठी देत. मॅक्रो, म्हणजे एक्सेलला द्यायच्या छोट्या आज्ञा, लिहायला ते एका तमिळ मुलाचे व्हिडिओ पाहून शिकले. तमिळ त्यांना अर्धंच कळे.

यात एकदा गंमत झाली. ट्रस्टचे सचिव संतोषकुमार वरच्या मजल्यावर बसत. त्यांनी आपल्या संगणकावर ही फाइल उघडली, पाहिली, बंद केली. दहा मिनिटांनी ते स्वतः जिना उतरून आले.

"माने, माझ्या सगळ्या फाइलींचं राइट क्लिक गेलंय. देणगीदारांची यादी, माझ्या पोराच्या मुंजीची यादी, सगळ्यांचं."

गुंडूरावांनी कपाळाला हात लावला. कुलूप फाइलला लावायचं होतं, ते सगळ्या एक्सेललाच लागलं होतं. फाइल बंद होताना ते काढायचं, हे लिहायचं राहून गेलं होतं.

"लावायचं लिहिलं सर. काढायचं राहिलं."

"मुंजीला चारशे माणसं आहेत माने. मी कुणाचंच नाव खोडू शकत नाहीये."

"मग येऊ देत की सर सगळ्यांना."

संतोषकुमार हसले नाहीत. नंतर जिन्यात हसले, असं भव्या म्हणाली.

शेवटी फाइलमध्ये तीनच बटणं उरली. आला. नाही आला. बदल मागा. तिसरं दाबलं की गुंडूरावांच्या फोनवर निरोप जाई. ते पासवर्ड घालून फाइल उघडत, बदल करत, पुन्हा बंद करत. पासवर्ड त्यांच्या डोक्यात होता. दुसरीकडे कुठे नव्हता.

त्या दिवसापासून एकही नाव हरवलं नाही. दोन वर्षं.

आणि त्या दिवसापासून गुंडूरावांनी सुट्टी घेतली नाही. कुणाला ताप आला, कुणाचा जावई आला, कुणाची बस चुकली, की फोन. जेवताना, देवळात, न्हाव्याच्या खुर्चीत. रविवारी केंद्र बंद, तरी सोमवारचे बदल रविवारीच येत. ते 'सरी' म्हणत आणि पिशवीतून लॅपटॉप काढत. बसमध्ये बसायला जागा मिळाली की झोपत. येलहंक्याच्या पुढे जाऊन कितीदा तरी परत येत.

एका रविवारी त्यांनी सिद्धीला घरी जेवायला बोलावलं. सुनंदाबाईंनी बिसीबेळेचा मसालेदार डाळ-भात केला होता आणि सिद्धीसाठी वेगळं वरण. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. वाढताना वाटीची कड बोटाने शोधत होत्या.

"ऑपरेशन दोनदा ठरलं गं," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळेला ह्यांची फाइल आडवी आली. आमच्या घरात तिघं जण राहतात. मी, हे आणि ती."

"तिला जेवायला घालावं लागत नाही की," गुंडूराव म्हणाले.

"तुमची झोप खाते. तेवढं पुरतं तिला."

गुंडूरावांनी भात कालवायला घेतला. फोन वाजला. ते 'सरी' म्हणत बाहेर गेले. भात ताटात निवत राहिला.

परत येताना सिद्धीने बसस्टॉपवर विचारलं, "अण्णा, पासवर्ड भव्याला देऊन टाका ना."

"देईन की."

"कधी?"

"ती माझ्यापेक्षा हुशार आहे, हे मला माहीत आहे. तिला त्या अकरा दिवसांचं ओझं आहे. तिच्या हातून पुन्हा एकदा झालं, तर ती नोकरी सोडेल. म्हणून मी धरून बसलोय."

"आणि तुमच्या हातून झालं तर?"

"माझी नोकरी एकदा सुटलेलीच आहे."

बस आली. ती विचार करत बसली की हे उत्तर होतं का. नव्हतं.

तिसऱ्यांदा ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा सुनंदाबाईंनी सांगितलं, या वेळी नाही आलात तर मी रिक्षाने एकटी जाते, आंधळी. गुंडूराव गेले. मंगळवार होता. डोळ्यांच्या दवाखान्यात फोन बंद करायला लावला.

नेमकं पाच नंबरचं मशीन सकाळच्या पाळीतच बंद पडलं.

अकराला आठ माणसं येणार, मशीन सात. भव्याने तिसरं बटण दाबलं. मग फोन केला. अकरा वेळा केला. मग ती सिद्धीच्या टेबलाशी आली, कोरा कागद घेतला आणि उभ्याउभ्याच लिहायला लागली. कोण कुठल्या मशीनवर. कुणाला थांबवलं तर चालेल, कुणाला अजिबात चालणार नाही. आठ नावं. सात अकराला, एक चारला; चारच्या पाळीत जागा होती. सुईवर लावायची पांढरी चिकटपट्टी दातांनी तोडून तिने तो कागद मॉनिटरवर चिकटवला, मधोमध.

भागुबाई सातपासून बाकावरच होती. कागद पाहून ती उठली. पडदा दिसत नव्हता.

"वाच," ती म्हणाली.

भव्याने वाचलं. भागुबाईचं नाव आलं, सहा नंबरचं मशीन. भागुबाईने पुन्हा वाचायला लावलं. मग बसली.

अडीचला गुंडूराव आले. हातात सुनंदाबाईंच्या काळ्या चष्म्याची रिकामी डबी होती, चुकून हातातच राहिलेली. मॉनिटरसमोर उभे राहिले. सिद्धीला वाटलं, आता त्या मराठी शिव्या ऐकायला मिळणार.

त्यांनी बोटाने नावं मोजली. ओठ हलले. मग मशीनच्या खोलीत जाऊन प्रत्येक पलंगापाशी एकदा उभे राहून आले.

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

कॉफी आली. दोन्ही अर्धे पेले गार झाले.

"भव्या," ते शेवटी म्हणाले. "तुला सगळं कळत होतं की."

"कळत होतं अण्णा. पण तुमची फाइल कुणाला विचारतच नाही."

त्यांनी चिकटपट्टीची कड नखाने सोडवली. कागद त्यांनी हलक्या हाताने काढला, घडी केली आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. ड्रॉवर ओढून पाहिला. एकदाच.

दुसऱ्या दिवशी फाइलमध्ये चौथं बटण आलं. त्यावर कन्नडमध्ये लिहिलं होतं : भव्या. ते दाबलं तर काहीच होत नव्हतं.

"होईल की," गुंडूराव म्हणाले. "आज फक्त जागा धरून ठेवली. सिद्धी, तू भाषेचं शिकलीस ना. मला एक वाक्य दे. बटण दाबलं की चौकट येणार. त्या चौकटीत काय विचारायचं? असं वाक्य हवं की वाचल्याशिवाय पुढे जाता येऊ नये."

सिद्धीला नोकरी गेल्यापासून कुणी वाक्य मागितलं नव्हतं. तिने पीजीच्या खोलीत बसून नऊ वाक्यं लिहून आणली.

"आपणास खात्री आहे का?" तिने वाचलं.

"खात्री सगळ्यांनाच असते. पुढचं."

"या बदलाचे परिणाम आपण लक्षात घेतले आहेत का?"

"हे कोर्टातलं झालं."

"थांबा आणि विचार करा."

"हे ट्रकच्या मागे लिहितात."

नऊच्या नऊ गेली. सिद्धीला स्वतःचंच हसू आलं, मग थोडं वाईट वाटलं. दोन वर्षं ज्या कवितांवर टिपणं काढली, त्यांतली एक ओळ कामाची निघेना. ती पलीकडचा अर्धा पेला उचलून खिडकीशी उभी राहिली. भागुबाई बाकावर होती.

"अण्णा, त्या दिवशी भव्याला आपण कुणाला हलवतोय हे माहीत होतं ना?"

"होतं. जमनाबाईंना."

"कुणाची जागा जातेय, हे माहीत नव्हतं."

"नव्हतं."

"मग तेवढंच विचारा. कुणाला हलवायचं? आणि त्या जागेवर आत्ता कोण आहे? हो-नाही नको. नाव लिहू दे तिला. अक्षर अक्षर."

गुंडूरावांनी टेबलावरचं पेन घेतलं आणि ती दोन वाक्यं तळहातावर लिहिली. कागद समोर होता, तरी.

"एम.ए. वाया नाही गेलं," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात बुधवारी पहिला प्रश्न झाला. गुरुवारी दुसरा. त्यांनी दोन्ही कन्नडमध्ये घातले, भव्याला वाचून दाखवले, तिने एक शब्द बदलायला लावला. नाव चुकीचं लिहिलं तर चौकट पुढे सरकत नव्हती. भव्याने मुद्दाम चार वेळा चुकवून पाहिलं. पाचव्यांदा ती हसली.

"आता फक्त हलवायचं राहिलं," गुंडूराव संध्याकाळी म्हणाले. "ते सगळ्यात शेवटी. तिथे चूक झाली तर माणूस हलतो. उद्या करतो. आणि शनिवारी पासवर्ड भव्याच्या कानात सांगतो. मग आठ दिवस मी घरी. सुनंदेच्या डोळ्यात दर चार तासांनी थेंब घालायचे आहेत, ते एवढे दिवस शेजारीण घालतेय."

"कुलूप काढणार?"

"कुलूप राहील की. हे कुलूप चोरासाठी नाही. शिकलेला माणूस दहा मिनिटांत फोडेल. हे घाईसाठी आहे." ते उठले. रुमालाची घडी सारखी केली. "थकलो गं. खरंच थकलो."

हे त्यांनी पूर्वी कधी म्हटलं नव्हतं. सिद्धीने ते ऐकलं आणि पीजीत जेवण संपेल म्हणून निघाली.

शुक्रवारी सकाळी सातला केंद्राचा फोन वाजला. सिद्धीने उचलला.

"सिद्धी, आज हे येणार नाहीत," सुनंदाबाई म्हणाल्या. मग, "आंघोळ केली. नाश्ता केला. बूट घालायला बसले होते. मी हाक मारली तर ओ नाही. मला नीट दिसेना. वाटलं, नाडी बांधताहेत."

सिद्धी म्हणाली, "सरी."

फोन ठेवल्यावर तिला आपलाच शब्द ऐकू आला.

खिडकीशी भागुबाई उभी होती. तिची पाळी शनिवारची, पण दोड्डबळ्ळापूरहून आदल्या दिवशीच ती बहिणीकडे उतरली होती, आणि नाव बघून ठेवायला आली होती. सिद्धीने मॉनिटर तिच्याकडे वळवला. भागुबाईने पाहिलं. मान हलवली. मग रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. सिद्धीने तिला आपल्या मराठीतच सांगितलं, अण्णा गेले. भागुबाई बाकावर जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत तिथेच होती.

केंद्र बंद ठेवता येत नाही. तिन्ही पाळ्या झाल्या. ज्यांना जमलं ते आळीपाळीने येलहंक्याला जाऊन आले. सिद्धी गेली. सुनंदाबाईंच्या डोळ्यात त्या दिवशी तिने थेंब घातले.

शनिवारी संतोषकुमार खाली आले. गुंडूरावांच्या खुर्चीत न बसता टेबलाला टेकले. दुपारी संगणकाचा माणूस येतोय, म्हणाले. असली कुलपं दहा मिनिटांत निघतात.

"अण्णा म्हणाले होते," सिद्धी म्हणाली.

दहा वाजता मल्हारराव नावाच्या रुग्णाचा मुलगा त्यांना घेऊन आला. पाळी सोमवारची होती, पण पाय सुजले होते, श्वास लागत होता. डॉक्टर म्हणाले, आज अकराला घ्या, थांबवू नका. अकराची आठही मशीन भरलेली, दुरुस्त झालेलं पाच नंबरसुद्धा. आठांमध्ये थांबवण्यासारखी एकच होती, भागुबाई. तिची तब्येत त्या आठवड्यात बरी होती, आणि चारला एक मशीन रिकामं होतं.

भव्याने तिला विचारलं.

"मी चारला बसते," भागुबाई म्हणाली. "पण चारला माझं नाव दाखव."

भव्याने सिद्धीकडे पाहिलं. दोघी मॉनिटरसमोर आल्या. भव्या गुंडूरावांच्या खुर्चीत बसली. माउसखाली सोमवारचा रुमाल तसाच होता. अण्णांनी गुरुवारी रात्री घरी पुरं केलं असेल, या आशेने तिने चौथं बटण दाबलं.

चौकट आली. कुणाला हलवायचं?

भव्याने एका बोटाने अक्षर अक्षर लिहिलं : मल्हारराव.

दुसरी चौकट आली. त्या जागेवर आत्ता कोण आहे?

तिने लिहिलं : भागुबाई. लिहून झाल्यावर ते पुन्हा एकदा वाचलं. मग बटण दाबलं.

चौकट मिटली.

दोघी थांबल्या. खिडकीतून भागुबाईही पाहत होती. पडद्यावर भागुबाईचं नाव अकराच्या रांगेत होतं, सहा नंबरच्या मशीनसमोर. चारच्या रांगेत ते नव्हतं. भव्याने पुन्हा बटण दाबलं, पुन्हा दोन्ही नावं लिहिली. चौकट मिटली.

भव्याने डोळे पुसले, कोरा कागद ओढला आणि सिद्धीपुढे हात केला. सिद्धीने तिला चिकटपट्टी दिली.